इस्त्री केलेली जीभ

९ जानेवारी २०२५

आजपासून संध्याकाळी चार ते सात माझं तोंड बंद! सुनेचा हुकूम.

प्रतीक्षा म्हणाली, "आई, राग मानू नका. पण शिकवणीची मुलं असताना तुम्ही जरा मागच्या गॅलरीत बसाल का? खालच्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार आलीय. त्यांची मुलगी घरी जाऊन 'भूक हाय, पाणी नाय' बोलते म्हणे."

मग काय झालं? भूक लागलीय ते कळलं ना आईला!

सुजीत मोबाइल बघत होता. माझाच मुलगा. मान वर न करता म्हणाला, "तीन तासांचा तर प्रश्न आहे, आई." लहानपणी आये म्हणायचा. पॉवर प्लँटमध्ये लागला, बोईसरला ब्लॉक घेतला, तशी मी आई झाले. सहा वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले तेव्हा मला दांडीहून इथे आणलं. दांडीच्या घरात आता पुतणे आहेत. राहा म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. इथे तिसरा मजला. खाली उतरून तरी बोलायचं कोणाशी? वॉचमन हिंदी बोलतो, आणि दर दोन महिन्यांनी नवा असतो.

नातीच्या कॉलेजची अर्धी कोरी वही घेतली. माझी शाळा चौथीपर्यंत, माहेरी दातिवऱ्याला. मास्तरांनी छडी मारून बजावलेलं — बोला काय ते घरी, लिहायचं ते पुस्तकातलं. म्हणून हातातून 'आहे' येतं आणि तोंडातून 'हाय'. येऊ दे. वहीला तक्रार करता येत नाही.

१३ जानेवारी

गॅलरीत हिमानी असते. सुजीतची मुलगी, तेवीस वर्षांची. स्पॅनिश शिकते. स्पेन म्हणून देश आहे, तिथली भाषा. फेब्रुवारीत परीक्षा आहे. त्यात निवडलं तर तिकडच्या विद्यापीठात दोन वर्षं, ती भाषा जन्मली कशी ते शिकायला.

मोठ्याने म्हटल्याशिवाय तिच्या लक्षात राहत नाही. ऐकायला कोणीतरी लागतं. आईची शिकवणी, बाबांची शिफ्ट. उरले कोण? मी. मला कळतं का ते ती विचारत नाही, मी सांगत नाही.

आजचा धडा. रोमचं मोठं राज्य होतं. त्यांचे शिपाई, व्यापारी लांब लांब गेले, सोबत लॅटिन नावाची भाषा गेली. पुढे राज्य बुडालं. भाषा राहिली, पण गावोगाव वेगळी होत गेली. कुठे स्पॅनिश झाली, कुठे पोर्तुगीज, कुठे फ्रेंच, कुठे इटालियन. सगळ्या एका आईच्या मुली.

मी विचारलं, "ठरवलं कोणी? आजपासून आपण स्पॅनिश बोलू म्हणून?"

"कोणीच नाही, आजी! प्रत्येक आई मुलीशी आपल्याच भाषेत बोलत होती. मुलीला वाटायचं, मी आईसारखंच बोलते. पण अशा चाळीस आया-मुली झाल्या, आणि पहिली नि शेवटची समोरासमोर बसवली, तर एकमेकींचं काही कळणार नाही."

चाळीस कशाला? आमच्या ब्लॉकमध्ये तिघीच पुरल्या.

१४ जानेवारी

तिळगूळ दिला सगळ्यांनी. गोड बोला म्हणाले. कधी? सात नंतर!

२० जानेवारी

आज हसून हसून पोट दुखलं. किती महिन्यांनी.

लॅटिनमध्ये डोक्याला एक चांगला, मोठ्या लोकांचा शब्द होता. पण साधी माणसं चेष्टेने डोक्याला 'मडकं' म्हणायची. आपण नाही का म्हणत, मडक्यात काही हाय की नाय? तर फ्रान्सवाल्यांचं पुढे मडकंच टिकलं. आज तिथला मोठ्यातला मोठा साहेब डोकं दुखलं तर मडक्याचाच शब्द वापरतो, त्याला माहीतही नाही. घोड्याचं तसंच. सरदारांच्या घोड्याचा शब्द मेला. टांगेवाले आपल्या मरतुकड्या घोड्याला जे म्हणायचे ते सगळ्या बहिणींनी उचललं.

आणखी एक. जुन्या काळी कोणा मास्तराने यादी लिहिली होती — असं म्हणा, तसं म्हणू नका. दोनशेच्या वर शब्द. कानाला हे म्हणा, ते नको. आरशाला हे म्हणा, ते नको. आणि हिमानी टाळी वाजवून म्हणाली, "आजी, त्याने चूक म्हणून जे लिहिलं ना, त्यातलेच किती शब्द जगले! स्पॅनिशमध्ये कानाला आज जे म्हणतात ते त्या मास्तराच्या 'तसं म्हणू नका'तून आलंय."

मी म्हटलं, "जा, आईला सांग."

"तू मला मार खायला लावशील."

आतून प्रतीक्षाचा आवाज आला — हळू. आम्ही पदर तोंडात कोंबून हसलो. म्हणजे मी पदर, तिने ओढणी.

२७ जानेवारी

मासळी धुताना हिमानी ओट्याशी आली. म्हणाली, स्पॅनिशमध्ये पाण्यातल्या माशाला एक शब्द, आणि पकडून बाहेर काढलेल्याला दुसरा. शहाणी माणसं. पाण्यात पोहतो तो मासा, पाटीत पडला की तो माल. दोघांना एक नाव कशाला?

मग म्हणाली, पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि ते लोक आपल्या किनाऱ्यावर होते. दातिवऱ्याचा किल्ला, तारापूरचा किल्ला. जाताना शब्द ठेवून गेले. चावी, साबण, पाव, पिंप, इस्त्री. "आजी, तू दिवसभर लॅटिनच्या नाती बोलतेस!"

बोलते. ऐकतं कोण?

३ फेब्रुवारी

आज कळलं म्हणजे काय ते कळलं. महिनाभर ऐकतेय 'निवडलं तर स्पेनला', पण ते देव पावला तर म्हणतात तसं वाटायचं. आज सुजीत पासपोर्टचं पाकीट घेऊन आला. निळं पुस्तक, आत तिचा फोटो. तोंड मिटलेला.

दोन वर्षं. मी चौऱ्याहत्तर.

गॅलरीत खुर्च्या दोन आहेत. एक घडीची आहे, मिटवून ठेवता येईल.

९ फेब्रुवारी

परीक्षेचा पेपर चांगला गेला तिला. आता अर्जाबरोबर एक नमुना द्यायचा आहे. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या तोंडची बोली, अर्धा तास, रेकॉर्ड करून. त्यावर हिमानी लिहिणार, किनाऱ्यावर गाव बदललं की बोली कशी बदलते, लॅटिनचं झालं तसं. जुनं माणूस मी. तिला माझं दातिवऱ्याचं बोलणं हवं होतं, लग्नाआधीचं.

मला आनंद झाला हे कबूल करते. जरीच्या काठाचं पातळ काढलं. केस बांधले. प्रतीक्षाला म्हटलं, आज तुझ्या शिकवणीला सुट्टी दे, माझी आहे!

हिमानीने फोन स्टुलावर ठेवला, लाल टिकली लागली. म्हणाली, "बोल आजी, लहानपणी बोंबील कसे वाळवायचात?"

आणि मी म्हणाले, "आमच्या लहानपणी आम्ही बोंबील बांबूंच्या वलांडीवर वाळत घालत असू."

घालत असू!! कुठून आलं ते? जन्मात कधी बोलले नाही असं. हिमानी म्हणाली, "आजी, तहसीलदाराशी बोलतेस का? माझ्याशी बोल." पुन्हा सुरू. पुन्हा तेच. 'त्याकाळी', 'अत्यंत', 'आम्ही भगिनी'. लाल टिकली दिसली की जिभेला इस्त्री होते. रेशनकार्डाच्या खिडकीवर, दवाखान्यात, पोलिसांत, सगळीकडे आयुष्यभर हेच केलं — समोर शिकलेला माणूस आला की आपलं बोलणं कमरेला खोचायचं. आता सांगून सुटत नाही.

तीनदा केलं. तिसऱ्यांदा तिने फोन उचलला, म्हणाली, "राहू दे, दमलीस." चिडली नाही. चिडायला हवी होती.

१० फेब्रुवारी

नमुना चांगला नसला तर निवड होत नाही म्हणे. तिच्या मैत्रिणीशी बोलताना ऐकलं.

१६ फेब्रुवारी

पुन्हा रेकॉर्डिंग. या वेळी हिमानीने युक्ती केली. फोन दिसेल असा ठेवलाच नाही, ओढणीखाली लपवला, आणि मला कोलंबी सोलायला दिली. हात कामात असले की जीभ सुटते, पोरीला बरोबर ठाऊक.

सुटली होती. तोंडाशी आलं होतं सगळं. लग्न होऊन दांडीला आले तेव्हा तिसऱ्या दिवशी सासूने पाटी डोक्यावर दिली आणि म्हणाली, बाजारात तुझं दातिवऱ्याचं काढू नको, गिऱ्हाईक हसंल. मी गिळलं ते सगळं. गिळलेलं जात नाही, तळाशी बसतं. आज ते वर आलं होतं, आयेचे शब्द, वाऱ्याचे, पाण्याचे, शिव्यांचे.

आणि मी ते परत गिळलं. 'त्याकाळी' म्हणाले. 'अत्यंत' म्हणाले. अर्धा तास आकाशवाणीसारखी बोलले.

मागच्या वेळी चूक झाली होती. आज चूक नाही.

हिमानी म्हणाली, "विसरलीस का गं आजी सगळं?" मी म्हणाले, विसरले. मग म्हणाली, दातिवऱ्याला मंगळीआजी आहे ना, तुझी बहीण, तिच्याकडे जाऊ? मी म्हणाले, ती लेकीकडे सुरतेला गेलीय. मंगळी सुरतेला! ती सफाळ्याच्या पुढे कधी गेली नाही.

२८ फेब्रुवारी

अर्ज गेला. माझी आकाशवाणी सोबत.

६ मार्च

धडे अजून चालू आहेत, सवय म्हणून. आज सांगितलं रुमानियाचं. तीही लॅटिनचीच मुलगी, पण लांब पडली. चारी बाजूंना दुसऱ्याच भाषांची माणसं. बहिणींशी शेकडो वर्षं गाठ नाही. शेजाऱ्यांचे शब्द घेतले, त्यांच्या सवयी घेतल्या. तरी पाण्याला म्हणते ते आईचंच.

मला तिची दया नाही आली. निभावलं तिने.

दुसरं सांगितलं ते मात्र डोक्यात राहिलं. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनच्या राजा-राणीने तिथल्या यहुदी लोकांना हाकललं. ते तुर्कांकडे गेले, घरात आपलं स्पॅनिश बोलत राहिले. स्पेनमध्ये राहिलेल्यांची भाषा बदलत गेली. हाकललेल्यांकडे जुनी राहिली. हिमानी म्हणाली, "आजी, आजीच्या आजीचं ऐकायचं असेल तर कधी कधी घर सोडून गेलेल्याकडे जावं लागतं."

पोरगी माझ्याकडे बघून नव्हती बोलत. मला मात्र कोलंबी सोलताना काटा रुततो तसं रुतलं.

१८ एप्रिल

निवड झाली नाही.

पत्र इंग्रजीत. तिने मराठीत सांगितलं, सगळ्यांना एकदाच, जेवणाच्या टेबलावर. पेपर उत्तम. नमुना कामाचा नाही — बोली नाही, पुस्तकी भाषा आहे. सुजीत म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." प्रतीक्षा उठून आत गेली. हिमानी माझ्या ताटात भात वाढत होती. म्हणाली, "आजीची चूक नाही. आजीने केलं जमेल तेवढं."

भात गिळला. मी गिळण्यात पटाईत.

२ मे

हिमानी बेटेगावजवळच्या एका कंपनीच्या ऑफिसात लागली. सकाळी नऊला जाते. दिवसभर फोनवर हिंदी. परत येते ती कानात वायर घालूनच. गॅलरीत येत नाही. म्हणते, "आजी, डोकं दुखतंय."

मी म्हटलं, "मडकं?"

हसली नाही.

७ मे

राहिली. मला हवी होती तशी, घरातच. आता घरात चार माणसं आणि एकही शब्द नाही. आज मोजून बोलले ते: "गॅस बंद केला." "पाणी गेलं." "हो."

१४ मे

दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. प्रतीक्षा तिच्या आईशी फोनवर बोलत होती. कराडकडची आहे ती. "व्हय गं... न्हाई, म्या काय करू... लई वाटतंय बघ पोरीचं." अठ्ठावीस वर्षं माझी सून आहे, हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला बघितलं आणि फोन ठेवला. "काही हवंय का आई?" — लगेच इस्त्री!

मी म्हटलं, "तुझी आई बरी हाय?"

खुर्ची ओढून बसली. रडली थोडी. मग सांगितलं. पत्रात आणखी एक ओळ होती, हिमानीने आम्हाला वाचून दाखवली नव्हती. एकतीस मेपर्यंत नवा, चांगला नमुना पाठवला तर उरलेल्या जागांसाठी विचार करू. "ती म्हणते, आजीला परत त्रास नको द्यायला. तुम्ही विसरलाय तर विसरलाय."

सतरा दिवस.

१९ मे

दातिवरे. मंगळीच्या पडवीत बसून लिहितेय.

सकाळी प्रतीक्षाला सांगितलं, बहिणीकडे जाते. तिने विचारलं, "त्या सुरतेहून आल्या?" मी म्हटलं, आल्या. सफाळ्याहून एस.टी. मिळाली.

एकोणीस वर्षांनी आले. आयेच्या बाराव्यानंतर पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी सगळ्या बायांत मी बोलायला तोंड उघडलं आणि मंगळी हसली — "दांडीची पावणी आली बघा, हिचं बोलनं आमाला कलत नाय!" दांडीवाल्या मला दातिवऱ्याची म्हणून हसल्या, दातिवऱ्याने दांडीची म्हणून हसलं. मी म्हटलं, मरा. आले नाही परत.

मंगळी अंगणात करंदी, बारीक कोलंबी, वाळत घालत होती. वाकलेली, दात गेलेले. मान वर केली.

"चंद्रे? मेली नाय तू अजून?"

मोठ्या बहिणीला नावाने! पूर्वी बाय म्हणायची. मी चपला काढायच्या आधी भांडण सुरू झालं. माझा फोन पदराखाली होता. हिमानीनेच शिकवलेलं — बोट वर सरकवलं की कुलूप लागतं, मग हात सोडला तरी रेकॉर्ड होत राहतं. सरकवलं.

मंगळी म्हणाली, "आयेचं शेवटचं सगलं मी काडलं. तीन वर्सं. तू आलीस बाराव्याला, कोरं पातल नेसून."

"नि तू हसलीस."

"हसले. मंग काय, तुला मिठी मारून रडू? तीन वर्सं कुठं होती तू?"

मग जे तोंडातून आलं ते माझं नव्हतं, आयेचं होतं. तिचे शब्द, तिची चाल, तिच्या शिव्या, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला ती जे म्हणायची ते, रिकाम्या जाळ्याला म्हणायची ते. सगळं एका दमात. इथे लिहिता येत नाही. मी लिहायला गेले की मास्तर छडी घेऊन उभा.

मंगळीचा हात करंदीतच राहिला. "बाय," म्हणाली, "ह्ये तं आये बोलायची! हितं आता कोन नाय बोलत. सुना टीव्हीचं बोलतात, मीपन तसंच बोलाया लागले. परवा नातवाला 'अॅक्च्युअली' बोलले बघ."

घर सोडून गेलेल्याकडेच राहिलं होतं.

मग तासभर आम्ही तेच बोललो. ती विचारायची, ह्याला आये काय म्हनायची? मी सांगायची. ती एकदोन चुका काढायची, मी तिची आई काढायची — म्हणजे माझीच! सोलायला, वाळवायला, जेवायला, मरायला, सगळ्याला शब्द निघाला.

शेवटी मी फोन तोंडाजवळ घेतला आणि त्याच बोलीत हिमानीला सांगितलं. की विसरले नव्हते. की फेब्रुवारीत सगळं येत होतं आणि मी मुद्दाम गिळलं. की तू जाऊ नये म्हणून. पुस्तकी भाषेत ते सांगता आलं नसतं, त्यात पळायला जागा फार.

पाठवलं. एक तास बारा मिनिटं.

मंगळीला दाखवलं. ती घाबरली. "माज्या शिव्यापन गेल्या?"

"गेल्या."

"जाऊ दे. परदेसात कोनाला कलतात!"

२० मे

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२२ मे

निळ्या खुणा तशाच. प्रतीक्षाला कळवलं, चार दिवस राहते.

३१ मे

प्रतीक्षाचा फोन. हिमानीने रात्रंदिवस बसून नवीन पानं लिहिली, आज पाठवली. सोबत माझा आवाज, शेवटचं माझं कबुलीचं कापून. "आई, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. असं नव्हतं हो करायचं." मी म्हटलं, नव्हतं. "तिने महिनाभर स्वतःला दोष दिला. हे फोनवर बोलवत नाही मला." मी म्हटलं, सुजीतला दे. म्हणाली, ड्यूटीवर आहे. मागे टीव्हीचा आवाज होता, आणि त्याचा खोकला.

११ जून

झाली निवड! प्रतीक्षाचा मेसेज, दोन शब्द. मंगळीला सांगितलं. तिने होड्या वर ओढल्यात त्या बाजूला जाऊन चार जणींना सांगितलं, माज्या आयेची बोली इमानात बसनार.

मी आंघोळ केली, पातळ बदललं, पिशवी भरून ठेवली. कोणी न्यायला येईल म्हणून नाही. आलंच तर तयार असावं.

१९ जून

हिमानी येऊन गेली. दोन तास मंगळीशीच बोलली. निघताना मला म्हणाली, "आजी, राग गेलेला नाही. पण फोन करीन." करेल. तशी शब्दाची पक्की आहे.

दारात एक मोठी बॅग ठेवली. "बाबांनी दिलीय. तुझे कपडे."

मी मागितले नव्हते.

मंगळीने भिंतीवरची एक खुंटी रिकामी केली. बॅग उपसली. पातळं सगळी. औषधं. आधारकार्ड. तळाशी, नीट घडी घातलेला, माझा थंडीचा स्वेटर.